सरासरीच्या पलीकडे पाहणारा संख्याशास्त्रज्ञ : डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे

२७ जुलै हा डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्मदिवस. आपल्याकडे कवी, गायक, नाटककार, समाजसुधारक यांच्या जयंत्या-पुण्यतिथ्या आठवणीने होतात. संख्याशास्त्रज्ञाची आठवण काढण्याचा प्रसंग सहसा येत नाही. पण सयाजीगंजात, विद्यापीठाच्या आवारात वाणिज्य आणि विज्ञान शिकणारी आपल्याच घरांतली मुले दरवर्षी सरासरी आणि प्रमाण विचलन यांची गणिते सोडवतात, परीक्षा होते, आणि वही रद्दीत जाते. या गणिताचा उपयोग काय, असे ती विचारतात. मीही बी.कॉम.ला असताना हे गणित गुणांसाठीच केले. नंतर बँकेत उभी हयात आकड्यांत गेली, तेव्हा त्याचा थोडा अर्थ कळला. पण ज्या माणसाने याच दोन आकड्यांवरून देशात पीक किती आले आणि जगात उपाशी किती आहेत हे मोजले, त्याचे चरित्र वाचले की मुलांच्या प्रश्नाला नीट उत्तर मिळते.

बुध ते लंडन

सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात बुध नावाचे गाव आहे. तिथे २७ जुलै १९११ रोजी सुखात्मे यांचा जन्म झाला. खटाव-माण हा भाग पावसाच्या भरवशावर जगणारा. पीक किती येणार हा प्रश्न तिथल्या मुलाला पुस्तकातून शिकावा लागत नाही.

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १९३२ साली गणित हा मुख्य विषय घेऊन ते पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. त्या काळी संख्याशास्त्राची ती काशीच होती. जर्झी नेमन, ईगॉन पिअर्सन आणि रोनाल्ड फिशर ही या विषयातली सगळ्यात मोठी माणसे तेव्हा तिथे एकाच वेळी होती. सुखात्मे यांनी १९३६ साली पीएच.डी. मिळवली आणि १९३९ साली डी.एससी.

नेमन यांनी १९३४ साली नमुना पाहणीवर एक महत्त्वाचा निबंध लिहिला होता. त्यातला विचार असा : सगळ्यांची मोजणी करणे शक्य नसेल तर आधी समूहाचे गट पाडावेत. ज्या गटात माणसामाणसांत किंवा शेताशेतांत फरक जास्त, तिथून नमुने जास्त घ्यावेत. जिथे सगळे सारखेच, तिथून थोडे घेतले तरी चालतात. शिते चाचपून भात शिजला की नाही हे पाहणाऱ्या गृहिणीला हे सांगावे लागत नाही. भात नीट ढवळलेला असेल तर एक शीत पुरते. तळाला लागलेला आणि वर कच्चा असेल तर दोन-चार ठिकाणची शिते पाहावी लागतात. अडचण एवढीच, की कुठल्या गटात फरक किती हे आधी कुठे ठाऊक असते? तो फरक एका छोट्या प्राथमिक नमुन्यावरून अंदाजला तर काम भागते का, याचा कस विशीतल्या सुखात्मे यांनी १९३५ सालच्या आपल्या निबंधात लावला. एखाद्या समूहाची सरासरी सांगण्याआधी त्यातली पांगापांग पाहायची, ही त्यांची सवय तिथपासूनची.

परत आल्यावर नोकरीच्या शोधात ते पंडित मदनमोहन मालवीय यांना भेटले. आपण शिकून आलेले शास्त्र देशातल्या भुकेल्या, गरीब माणसांच्या काय कामी येईल, असे मालवीयजींनी त्यांना विचारले. लंडनहून अमूर्त गणित घेऊन आलेल्या तरुणाजवळ त्याचे तयार उत्तर नव्हते. ती भेट आपल्या आयुष्याला वळण देणारी ठरली, असे ते पुढे सांगत असत.

आणेवारी ते पीककापणी

काही काळ कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्यविज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून काम करून १९४० साली ते दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत आले. इथे त्यांना हवे तसे काम मिळाले.

देशात धान्य किती पिकते, हे त्या वेळी आणेवारीवर ठरत असे. आपल्या आजोबा-पणजोबांना हा शब्द चांगला ठाऊक होता. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे. गावचा पटवारी किंवा तलाठी शेतांवर नजर टाकून यंदा दहा आणे, बारा आणे असे लिहून पाठवी. हे आकडे तालुक्यातून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून प्रांताला जात. सारासूट त्यावर ठरे आणि देशाच्या धान्याचा हिशेबही. हा नजरअंदाज ज्याच्या त्याच्या नजरेवर अवलंबून होता. त्यात महायुद्ध आले, रेशनिंग आले आणि १९४३ साली बंगालचा दुष्काळ पडला. धान्याचा आकडा चुकला तर त्याची किंमत कोण मोजते, हे सगळ्यांनी पाहिले.

सुखात्मे यांनी नजरअंदाजाच्या जागी पीककापणी आणली. चिठ्ठी टाकल्यासारखी गावे निवडायची, गावातून तशीच शेते निवडायची आणि शेतातली जागाही आपल्या मर्जीने ठरवायची नाही. तिथे ठरलेल्या मापाचा तुकडा आखायचा, त्यातले पीक कापायचे, मळायचे, वाळवायचे आणि तोलायचे. ३३ फूट लांब आणि साडेसोळा फूट रुंद हे अशा तुकड्याचे एक प्रचलित माप. हिशेब करून पाहिला तर ते बरोबर एकरचा ८०वा भाग भरते.

बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबीस हेच काम अगदी छोटे तुकडे कापून आणि स्वतंत्र प्रशिक्षित माणसे नेमून करत होते. सुखात्मे यांचे मत वेगळे होते. काम महसूल आणि शेती खात्याच्या गावोगाव असलेल्या माणसांकडूनच करून घ्यावे आणि तुकडा मोठा घ्यावा, असे ते म्हणत. तुकडा छोटा असला की उत्पन्न फुगून दिसते, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवले आणि १९४६ साली नेचर या नियतकालिकात मांडले. कारण साधे आहे. आखलेल्या रेषेवर जी ताटे येतात ती आत धरायची की बाहेर, हा प्रश्न कापणाऱ्यापुढे असतो, आणि हात आत धरण्याकडेच वळतो. २ मीटर बाजूच्या चौरसाला ४ चौरस मीटर जागेमागे ८ मीटर कड असते, म्हणजे चौरस मीटरमागे २. १० मीटर बाजूच्या चौरसाला १०० चौरस मीटरमागे ४० मीटर कड, म्हणजे अवघी ०.४. तुकडा जितका छोटा तितका कडेचा वाटा मोठा, आणि चूकही तितकीच मोठी.

शाखेत काम केलेल्यांना हा मुद्दा लगेच पटेल. चुका कधी इकडे, कधी तिकडे झाल्या तर बऱ्याच नोंदींत त्या एकमेकींना खाऊन टाकतात. पण वजनाचा काटाच पाच ग्रॅम जास्त दाखवत असेल, तर हजार वेळा तोलले तरी चूक तशीच राहते. नमुने वाढवल्याने पांगापांगीचा त्रास कमी होतो, एकाच बाजूला झुकलेली चूक कमी होत नाही.

एक छोटा हिशेब

इथे थोडे थांबून मुलांसाठी एक उदाहरण करू. आकडे माझे, शिकण्यापुरते. समजा सात शेतांतून सारख्या मापाचे तुकडे कापले आणि धान्य भरले ६, ७, ८, ८, ९, १० आणि १५ किलो.

बेरीज ६३. सातने भागले की सरासरी ९ किलो. चढत्या क्रमातला मधला, म्हणजे चौथा आकडा ८. सर्वांत जास्त वेळा आलेला आकडाही ८. (नातवंडांना शिकवताना वडोदऱ्यातल्या आजी-आजोबांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मराठीत मधल्या आकड्याला मध्यक म्हणतात. गुजराती पुस्तकात मध्यक म्हणजे सरासरी, आणि मधल्या आकड्याला तिथे मध्यस्थ म्हणतात. एकाच शब्दावरून घरात निष्कारण वाद होतात.)

सात शेतांपैकी पाचांचे धान्य ९ किंवा त्याहून कमी आहे. सरासरी ९ वर गेली ती १५ किलोवाल्या एका शेतामुळे. ते बहुधा पाटाच्या पाण्याखालचे असावे. ते वगळले तर उरलेल्या सहांची सरासरी ८ येते.

आता पांगापांग. सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा यांतले अंतर १५ वजा ६, म्हणजे ९. पण हे माप फक्त दोन टोके पाहते, मधल्यांची विचारपूस करत नाही. म्हणून प्रत्येक आकडा सरासरीपासून किती दूर आहे ते मांडू : उणे ३, उणे २, उणे १, उणे १, ०, १ आणि ६. यांची बेरीज शून्यच येणार, जमा-खर्चाची दोन्ही अंगे जुळावीत तशी. म्हणून त्यांचे वर्ग करायचे : ९, ४, १, १, ०, १ आणि ३६. बेरीज ५२. हिला सातने न भागता सहाने भागायचे. सात फरकांची बेरीज शून्य हे ठरलेलेच असल्याने सहा कळले की सातवा आपोआप कळतो. स्वतंत्र माहिती सहाच फरकांची असते. ५२ भागिले ६ म्हणजे ८.६७, आणि त्याचे वर्गमूळ सुमारे २.९४ किलो. हे प्रमाण विचलन.

शेवटची पायरी मुले बहुतेक विसरतात. २.९४ ला सातच्या वर्गमुळाने, म्हणजे २.६५ ने भागले की १.११ येते. आपण काढलेली ९ किलोची सरासरी स्वतः किती डळमळीत आहे, ते हा आकडा सांगतो. सातऐवजी सातशे शेते घेतली असती तर हा डळमळीतपणा दहा पटींनी कमी झाला असता. पीककापणीत नमुना किती मोठा घ्यावा, हे याच हिशेबावरून ठरते.

सुखात्मे यांनी हे ज्ञान आपल्यापुरते ठेवले नाही. १९४७ साली भारतीय कृषी सांख्यिकी संस्था स्थापन झाली, तिच्या उभारणीत ते पुढे होते, डॉ. राजेंद्रप्रसाद तिचे पहिले अध्यक्ष. त्यांनी परिषदेत वाढवलेल्या सांख्यिकी शाखेतूनच पुढे दिल्लीची कृषी सांख्यिकी संशोधन संस्था उभी राहिली. नमुना पाहणीच्या सिद्धांतावरचा त्यांचा ग्रंथ १९५४ साली आला. विनायक गोविंद पानसे यांच्याबरोबर लिहिलेले पुस्तक कृषी महाविद्यालयांतली मुले आजही नुसते पानसे-सुखात्मे म्हणून ओळखतात.

रोम : जगात उपाशी किती?

१९५१ साली ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत रोमला गेले आणि तिथल्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले. जवळजवळ वीस वर्षे ते तिथे होते.

त्या वेळी एक आकडा जगभर गाजत होता. या संघटनेचे पहिले महासंचालक आणि नोबेल पारितोषिकाचे मानकरी लॉर्ड बॉइड ऑर यांनी जगातली दोन तृतीयांश माणसे भुकेली असल्याचे म्हटले होते. आकडा चांगल्या हेतूने दिलेला होता, भाषणांत परिणामकारक ठरत होता, आणि सुखात्मे ज्या संघटनेत काम करत होते तिच्याही कामाला उपयोगी पडणारा होता. तरीही त्यांनी तो तपासायला घेतला. ज्या देशाची सरासरी गरजेपेक्षा कमी, तो देश सगळाच उपाशी, अशा धर्तीच्या हिशेबात देशातल्या देशात कोण किती खातो याचा पत्ताच लागत नाही. सरासरी कमी असलेल्या देशातही पोटभर जेवणारे असतात, आणि सरासरी पुरेशी असलेल्या देशातही उपाशी निजणारे असतात.

१९६१ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे त्यांनी आपला निबंध मांडला. जगातली १० ते १५ टक्के माणसे खरोखर अर्धपोटी आहेत, आणि अर्धपोटी किंवा निकृष्ट आहारावर जगणारी मिळून सुमारे निम्मी आहेत, असा त्यांचा अंदाज होता. भूक आणि कुपोषण हे वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे, हे त्यातून पुढे आले. १९६३ साली सोसायटीने त्यांना गाय पदकाने गौरवले. त्याच वर्षी संघटनेची तिसरी जागतिक अन्न पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यामागेही त्यांचीच पद्धत होती. १९७१ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले.

पुण्यातला वाद

रोमहून निवृत्त झाल्यावर ते पुण्यात स्थायिक झाले. इथे त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा वाद झाला, आणि तो याच दोन आकड्यांवरून.

१९७१ साली गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. दररोज माणशी २,२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च ज्यांना झेपत नाही ते दरिद्री, असे धरून ग्रामीण भागातले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले सुमारे ५० टक्के लोक दारिद्र्यात आहेत, असे त्यांनी मांडले.

सुखात्मे यांचा आक्षेप असा होता : २,२५० ही सरासरी गरज आहे. निरोगी माणसांतही कोणाला जास्त लागते, कोणाला कमी. सरासरीच्या खाली असणारे सगळे उपाशी धरले, तर धडधाकट आणि पोटभर जेवणाऱ्या समाजातही जवळजवळ निम्मे लोक उपाशी ठरतील. म्हणून रेघ सरासरीवर न ओढता, सरासरीतून प्रमाण विचलनाची दुप्पट वजा करून ओढावी. समजण्यापुरता हिशेब करू. विचलन सरासरीच्या १५ टक्के धरले तर ते साधारण ३३८, त्याची दुप्पट ६७५, आणि रेघ येते १,५७५ वर. आकडे घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे पसरलेले असतील, तर निरोगी माणसांतला चाळिसातला जेमतेम एकच इतका खाली असेल. त्यामुळे या रेघेखालचा माणूस बहुधा खराच उपाशी, असे म्हणता येते. ही रेघ घेतली की उपाशी लोकांची संख्या पुष्कळच कमी होते.

पुढे कॅलिफोर्नियातले शेल्डन मार्गेन यांच्यासह त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. एकाच माणसाची गरजही रोज सारखी नसते. शरीर एका मर्यादेत कमी-जास्त आहाराशी जुळवून घेते, असे त्यांनी मांडले. तो विचार सुखात्मे-मार्गेन सिद्धांत म्हणून ओळखला जातो.

वाद जोरात झाला आणि अनेक वर्षे चालला. विरोधकांचे मुद्दे हलके नव्हते. १,५७५ च्या वरचे सगळे सुखरूप, असे यातून निघत नाही. ज्याची गरज २,६०० आहे तो २,००० वरही उपाशीच. पाहण्या कुटुंबाच्या खर्चाच्या असतात, आणि पाच जणांच्या घरात कमी-जास्त गरजा एकमेकींत मिसळून जातात. म्हणजे घरासाठी रेघ इतकी खाली नेता येत नाही. आणि शरीर जुळवून घेते म्हणजे काय? मूल खुजे राहते, मजूर लवकर थकतो. ती जुळवाजुळव फुकट होत नाही. डॉ. सी. गोपालन यांच्यासारख्या आहारतज्ज्ञांनी हा विचार धोक्याचा मानला. सरकारच्या हाती असा आकडा पडला तर गरिबांच्या ताटातला घास कमी होईल, ही भीती खोटी नव्हती.

दोन्ही बाजू वाचल्यावर मला वाटते ते असे. सरासरीवर रेघ ओढली तर पोटभर जेवणारे काही जण उपाशांत मोजले जातात. रेघ दोन विचलनांनी खाली नेली तर काही उपाशी मोजणीतून निसटतात. पहिल्या चुकीत सरकारचा पैसा जातो, दुसऱ्या चुकीत मुलाची वाढ खुंटते. कुठली चूक पत्करायची हे गणित ठरवत नाही, ते समाजाने ठरवायचे असते. पण एकूण चूक दोन प्रकारची होऊ शकते आणि तिचे माप काढता येते, हे लोकांपुढे आणण्याचे मोठे श्रेय सुखात्मे यांचे आहे. दांडेकरांनी प्रश्नाची निकड दाखवली, सुखात्म्यांनी मोजमापाची जबाबदारी.

सुखात्मे यांना गरिबांची कणव नव्हती, असे मात्र कोणी समजू नये. खाल्लेले अन्न अंगी लागत नसेल तर ताटात आणखी वाढून भागत नाही, असे ते म्हणत. दूषित पाण्याने हगवण आणि जंत होतात आणि अन्न वाया जाते. म्हणून गावात स्वच्छ पाणी, संडास आणि प्राथमिक आरोग्य हवे, हा त्यांचा आग्रह होता. पुण्यात गरजूंना परवडणाऱ्या दरात पौष्टिक अन्न मिळावे म्हणून इंदिरा कम्युनिटी किचन हा उपक्रम उभा करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. मालवीयजींनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ते उतारवयातही शोधत होते.

१९९७ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. आज केंद्र सरकार ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञांना त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार देते. ज्या महालनोबीसांशी त्यांचा पीककापणीवरून मतभेद झाला, त्यांचा जन्मदिवस, २९ जून, हा देशाचा सांख्यिकी दिन आहे. दोघांची नावे अशी शेजारी आली, हे मला फार योग्य वाटते.

आपल्या घरांत रोज सरासरी कानावर पडते : सरासरी पाऊस, सरासरी पगार, वर्गाचे सरासरी गुण. पुढच्या वेळी असा आकडा दिसला की मुलांना एवढेच विचारायला सांगावे, की ही सरासरी किती जणांची, आणि त्यांच्यात फरक किती होता? वह्या रद्दीत गेल्या तरी चालतील, हे दोन प्रश्न त्यांच्या लक्षात राहिले पाहिजेत.